अवांतर बारा

सामना संपला तेव्हा पणजीत डेस्कवर बसून
मी क्रियापद शोधत होतो.
‘लोळवलं’ मागच्या खेपेला झालं होतं,
‘धूळ चारली’ त्याच्या आधी दोनदा,
‘चिरडलं’ समोरच्या पेपरानं घेतलंच असणार.
न्यूझीलंडला आपण हरवतो. नुसतं हरवतो.
यांच्यासाठी मात्र
कुस्तीच्या हौद्यापासून खाटीकखान्यापर्यंतचे शब्द
आम्ही वर्षभर मिठात घालून ठेवतो.

‘ठेचलं’ लागलं. बहात्तर पॉइंट. पान एक.

मग कामत म्हणाले, ते हळदोण्याचं पाहिलंस का,
चॅनेलवर फिरतंय?

पाहिलं.
बाल्कांवात बसलेला इनास,
माझा घरमालक,
पोस्टातून रिटायर झालेला, मांडीवर स्कोअरची वही.
माईक त्याच्या हनुवटीला टेकवून मुलगी विचारत होती,
आजोबा, आज कोण जिंकायला हवं?
इनास म्हणाला, जो बरो खेळटा तो.
आणि वही दाखवायला उचलली
तर आतून पास्कूचा फोटो निसटला.

पास्कू थोरला. चौदाव्या वर्षी बोटीनं कराचीला गेला
मामाच्या शिंपीकामात, तो तिथलाच झाला.
सामना असला की दोघं भाऊ
दोन गावांत एकच स्कोअर मांडतात
आणि रात्री भाचीच्या फोनवरून
अवांतर धावा जुळवून पाहतात.
बाकी काही बोलत नाहीत फारसं.
गुडघे, कुणाकुणाची मयतं, लेगबाय.

फोटो काळापांढरा होता.
चॅनेलनं पास्कूच्या टोपीभोवती तांबडं वर्तुळ काढलं
आणि टोपी हिरवी असल्याचं सांगितलं.
पन्नास वेळा सांगितलं.

मला म्हणता आलं असतं, मी ओळखतो याला.
कामतांनी खुर्ची ओढली, घड्याळ दाखवलं,
पान तीनवर चौकट मोकळी आहे म्हणाले.
मी टाइप केलं:
‘हळदोण्यात परका झेंडा?’
प्रश्नचिन्ह माझं. बावीस वर्षांच्या नोकरीत
एवढं एक शिकलोय,
ते लावलं की वकील लागत नाही.

सकाळी पोदेराच्या हॉर्ननं जाग आली.
इनास अंगण झाडत होता.
रात्री पोरांनी गडग्यावरून आत टाकलेल्या
माळांची तांबडी कागदं
दवानं चिकटली होती, निघत नव्हती.
पेपर त्यानं आधीच आणलेला, काखेत.
पोर्तुगीज शाळेतला तो, देवनागरी येत नाही.
वाच रे, म्हणाला, म्हजें नांव आयलां न्ही? कितें बरयलां?

मी पान तीन उलटून सरळ खेळपानावर गेलो.
मोठ्यानं धावफलक वाचू लागलो,
झेल कुणाचा, त्रिफळा कुणाचा,
घसा साफ करत, एकेक आकडा,
जसं काही त्यानं तेच विचारलं होतं.
तो झाडूवर हनुवटी ठेवून ऐकत राहिला.
अवांतर अकरा, मी म्हणालो.

इकरा न्हय. बारा.
चाळिसाव्या षटकातला वाइड तुम्ही खाल्ला.
पास्कूकडेही बाराच आहेत.
आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला,
एवढा मोठा पेपर, आणि असं छापता?

त्या रात्री मी शुद्धिपत्र घातलं.
आठ पॉइंट, पान दहा, हवामानाच्या खाली:
कालच्या धावफलकात अवांतर धावा ११ छापल्या गेल्या,
त्या १२ वाचाव्यात. चुकीबद्दल दिलगीर आहोत.
‘दिलगीर’ शब्दावर थोडा थांबलो.
कामत म्हणाले, कशाला हे, कोण बघतंय.

इनासनं ते कात्रीनं कापून घेतलं.
वहीत, त्या सामन्याच्या पानावर
भाताच्या शितानं नीट चिकटवलं,
उलटं.
मी काही बोललो नाही.